ही किंमत आली कुठून?

तीन दिवस आम्ही सगळे तिच्या लॅपटॉपवर संशय घेत होतो.

ती टीममध्ये नवी होती, येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पाण्याच्या मीटरचे आकडे गोळा करणाऱ्या एका छोट्या यंत्राचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. मीटरकडून पॅकेट येतं, ते उघडायचं, आतला आकडा काढायचा आणि पुढे पाठवायचा, एवढंच काम. माझ्या मशीनवर सगळ्या टेस्ट पास होत होत्या. तिच्याकडे चार फेल. कोड तोच, गिटमधला कमिट, म्हणजे कोडची नोंदवून ठेवलेली आवृत्ती, तोच, टर्मिनलवर दिलेली कमांडही अक्षरन् अक्षर तीच. आम्ही तिचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, बदलून पाहिला, लायब्ररी पुन्हा बसवल्या, शेवटी अख्खं लिनक्स नव्याने टाकायला लावलं. तिने कुरकुर केली नाही. एकदाच विचारलं, "ताई, माझ्याकडेच चुकतंय हे नक्की आहे का?" मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे चालतंय ना."

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे सर येऊन बसले. आमच्या क्षेत्रात हल्ली सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण त्यांना मात्र सगळे सरच म्हणायचे. त्यांनी दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले आणि विचारलं, "सीआरसी तपासायच्या ऑप्शनची किंमत दोघींकडे काय आहे?" सीआरसी म्हणजे पॅकेटच्या शेपटाला जोडलेला पडताळणीचा आकडा. पॅकेट वाटेत बिघडलं असेल तर तो जुळत नाही. माझ्याकडे तो ऑप्शन बंद होता, तिच्याकडे चालू. मी लगेच म्हटलं, "मग सोपं आहे सर, तिच्याकडचा बंद करू." सर म्हणाले, "थांब जरा. किंमत दिसली. ती आली कुठून ते बघ आधी."

गेली काही वर्षं मी बिल्डचंच, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बांधायचं, काम करते आणि त्यांचा तो एक प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्यासमोर येतो.

व्हेरिएबलला आपण मराठीत चल म्हणतो आणि त्याच्या व्हॅल्यूला किंमत. बाई फळ्यावर समीकरण मांडून "क्ष ची किंमत काढा" म्हणायच्या. तिथे उत्तर समीकरणाच्या पोटातच दडलेलं असायचं. बाजू बदलत गेलं की हाती यायचं. बिल्डमधल्या चलाची गोष्ट निराळी. तिथे किंमत कुणीतरी ठेवलेली असते. प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याने डिफॉल्ट म्हणून, नंतर आलेल्याने एखाद्या फाइलमध्ये, तुम्ही स्वतः कमांड लाइनवर, किंवा तुमच्या शेलने, म्हणजे टर्मिनलमागच्या प्रोग्रॅमने, एन्व्हायर्नमेंट नावाच्या आपल्या यादीतून तुमच्या नकळत. हे सगळे एकाच चलाबद्दल वेगवेगळं सांगत असतात आणि बिल्ड सिस्टीमला त्यातल्या एकाचंच ऐकायचं असतं. कुणाचं ऐकायचं याचे नियम प्रत्येक सिस्टीमने आपापले केले आहेत. हे नियम मी जितके वाचत गेले तितकी मला त्यांत माणसं दिसायला लागली.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतून करायला हवी. १९७६ साली स्टीव्ह जॉन्सन, ज्यांनी याक हे प्रोग्रॅमरांचं टूल लिहिलं तेच, संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्यांची अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी याच फेऱ्यात अडकले होते. त्यातून मेक ही बिल्ड सिस्टीम जन्माला आली. काय बदललं, त्यामुळे काय पुन्हा बांधायचं, हे माणसाने लक्षात ठेवायची गरज संपली. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार फेल्डमन यांना मेकसाठी मिळाला. मला या गोष्टीत एक आपुलकी वाटते, कारण आमचे तीन दिवस आणि जॉन्सन यांची ती सकाळ एकाच जातीची आहेत. समोर दिसतंय ते ताजं आहे असं आम्ही धरून चाललो होतो आणि ते शिळं होतं.

आज बहुतेक जण वापरतात त्या ग्नू मेकमध्ये चलाला किंमत द्यायच्या खुणा अनेक आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. नुसतं = लिहिलं तर उजवीकडचं जसंच्या तसं जपून ठेवतात आणि चल वापरायची वेळ येईल तेव्हा, दर वेळी, नव्याने सोडवतात. := लिहिलं तर त्या ओळीवर, त्या क्षणी जी किंमत निघेल ती कायम. += आधीच्या किंमतीत भर घालते. आणि ?= ही माझी आवडती. गणिताच्या वहीत आपण "समजा, क्ष बरोबर ५ मानू" असं लिहायचो ना, तसं ती म्हणते की दुसऱ्या कुणी काही सांगितलं नसेल तर आपण हे मानू. या खुणेत एक अदब आहे. लिहिणाऱ्याला आपलं मत आहे, पण समोरच्याचं मत आधी विचारायची तयारीही आहे.

कुणाचा शब्द वरचढ, याचा मेकमधला क्रम असा: एन्व्हायर्नमेंटमधून आलेल्या किंमतीवर मेकफाइल, म्हणजे मेकसाठी लिहिलेली सूचनांची फाइल, मात करते, मेकफाइलवर कमांड लाइन मात करते. मात्र मेकला मायनस ई असा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायची खूण, दिला की एन्व्हायर्नमेंट मेकफाइलच्या वर जाऊन बसतं, आणि मेकफाइलमध्ये ओव्हरराइड हा शब्द लिहिला असेल तर कमांड लाइनवर तुम्ही काहीही टाइप करा, मेक ते मानत नाही. वाचायला हे रुक्ष वाटेल. पण मेक लिहिणाऱ्यांना हा गुंता माहीत होता, म्हणून त्यांनी ओरिजिन नावाचं एक फंक्शन देऊन ठेवलं आहे. चलाचं नाव त्याला द्या, ते किंमत सांगत नाही. ती कुठून आली ते सांगतं. डिफॉल्ट, एन्व्हायर्नमेंट, फाइल, कमांड लाइन, ओव्हरराइड यांपैकी एक शब्द उत्तर म्हणून मिळतो. सरांचा प्रश्न मेकच्या भाषेत कितीतरी आधीपासून लिहिलेला आहे हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी मॅन्युअलचं ते पान बराच वेळ तसंच उघडं ठेवलं होतं.

ओरिजिनचं आणखी एक उत्तर असू शकतं: अनडिफाइन्ड. या चलाला कुणीच काही किंमत दिलेली नाही. मेक अशा वेळी थांबत नाही की ओरडत नाही. ते चल रिकामं धरतं आणि पुढे जातं. नावात एक अक्षर चुकलं तरी तेच. आता कल्पना करा, साफसफाईच्या नियमात लिहिलं आहे की अमुक फोल्डर, तिरकी रेघ, आणि त्याखालचं सगळं पुसून टाक. आणि त्या फोल्डरचं चल रिकामं निघालं. उरते फक्त तिरकी रेघ. म्हणजे डिस्कच्या मुळापासून सगळं. मी स्वतः हे घडताना पाहिलेलं नाही, पण असा नियम कुणाच्या मेकफाइलमध्ये दिसला की मी तो पास होऊ देत नाही, मग समोरचा कितीही घाईत असो. अनडिफाइन्ड व्हेरिएबलबद्दल सावध करणारा एक फ्लॅग मेकमध्ये आहे. तो आपणहून चालू नसतो.

मेकनंतरची पायरी ऑटोकॉन्फची. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ च्या उन्हाळ्यात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कामासाठी ते सुरू केलं. त्या काळी युनिक्सच्या इतक्या जाती होत्या की या मशीनवर अमुक फंक्शन आहे की नाही हे माणसाने आठवून भरणं अशक्य झालं होतं. ऑटोकॉन्फने मशीनलाच विचारायची पद्धत आणली: एक चिमुकला प्रोग्रॅम लिहायचा, तो कंपाइल होतो का पाहायचं, झाला तर "आहे", नाही झाला तर "नाही". कॉन्फिगर ही त्याने तयार केलेली स्क्रिप्ट चालवल्यावर पडद्यावर सरसर जाणाऱ्या त्या "चेकिंग फॉर..." च्या ओळी या प्रश्नोत्तरांच्याच असतात. म्हणजे चलाची किंमत ठरवणाऱ्यांत आता मशीनचीही भर पडली.

या पद्धतीत एक फट आहे आणि ती किती धोक्याची ठरू शकते हे २०२४ साली जगाला दिसलं. एक्सझेड हे डेटा दाबून ठेवणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदार बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी तो धागा धरला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघड केलं. चोरदाराचा मुख्य भाग टारबॉलमधल्या, म्हणजे कोड वाटायच्या गठ्ठ्यातल्या, बिल्डच्याच एका फाइलमधून आत शिरत होता. पण मला जास्त हादरवून गेला तो शेजारचा एक बारीकसा बदल. लँडलॉक नावाची लिनक्सची एक सुरक्षेची सोय आहे. प्रोग्रॅम तिच्या मदतीने स्वतःला कुंपण घालून घेतो. ती सोय या मशीनवर आहे का, हे पाहण्यासाठी सीमेक या आणखी एका बिल्ड सिस्टीमच्या फाइलमध्ये तसाच एक चिमुकला प्रोग्रॅम होता. त्यात एका ओळीवर एकटं टिंब टाकलेलं होतं. पूर्णविराम. बस.

त्या टिंबामुळे तो चिमुकला प्रोग्रॅम कुठल्याच मशीनवर कंपाइल होईना. आणि तपासणीच्या नियमाप्रमाणे कंपाइल न होणं म्हणजे सोय नाही. सीमेकने केलेल्या प्रत्येक बिल्डमध्ये लँडलॉक गुपचूप बंद राहिलं, ना एरर, ना वॉर्निंग. "या मशीनवर ही सोय नाही" आणि "आम्ही नीट विचारलंच नाही" ही दोन अगदी वेगळी उत्तरं एकाच "नाही" मध्ये जमा झाली होती. त्या आठवड्यात मी आमच्या प्रोजेक्टमधली अशी प्रत्येक तपासणी हाताने उघडून वाचली. जिथे उत्तर "आहे" असंच यायला हवं अशी आम्हाला खात्री होती, तिथे "नाही" आलं तर बिल्ड थांबलंच पाहिजे असं लिहून टाकलं. चार दिवस गेले त्यात, आणि ते मला सत्कारणी लागल्यासारखे वाटतात.

आता आमच्या त्या संध्याकाळकडे येते, कारण आम्हीही सीमेकच वापरत होतो. सीमेकचा उगम वैद्यकीय चित्रांवर काम करणाऱ्या इनसाइट टूलकिटमधला. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशावर तो प्रकल्प उभा राहिला आणि तो विंडोजवरही, युनिक्सवरही बांधता यावा म्हणून किटवेअरमधल्या बिल हॉफमन यांनी हे काम हाती घेतलं. सीमेकमध्ये ऑप्शन जाहीर करताना तीन गोष्टी देतात: नाव, मदतीची एक ओळ, आणि डिफॉल्ट. पहिल्यांदा कॉन्फिगर करता तेव्हा सीमेक ती किंमत बिल्डच्या फोल्डरमध्ये सीमेककॅश नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेतं. पुढच्या वेळी ते आधी या कॅशमध्ये पाहतं. तिथे किंमत सापडली तर डिफॉल्टकडे ढुंकूनही बघत नाही.

यामागचा विचार चांगला आहे. तुम्ही एकदा घेतलेला निर्णय पुन्हा पुन्हा टाइप करावा लागू नये म्हणून सीमेक तो जपतं. पण तो निर्णय तुम्ही मुद्दाम घेतला होता की नुसतं त्या दिवशीचं डिफॉल्ट उतरलं होतं, हे कॅशमधल्या त्या ओळीवरून कळत नाही. दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

सरांनी माझ्या बिल्ड फोल्डरची तारीख पाहायला सांगितली. आठ महिने जुना होता. मग गिटमध्ये त्या ऑप्शनच्या ओळीचा इतिहास काढला. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी डिफॉल्ट बंदवरून चालू केलं होतं, विचार करून, रिव्ह्यू होऊन. तो बदल माझ्या मशीनपर्यंत पोचलाच नव्हता, कारण माझ्या कॅशमध्ये आठ महिन्यांपूर्वीचं "बंद" बसलेलं होतं. तिचा फोल्डर कोरा होता, म्हणून तिला आजची किंमत मिळाली होती.

आणि तिच्या त्या चार फेल झालेल्या टेस्ट? त्या खऱ्या होत्या. टेस्टसाठी पॅकेट तयार करणाऱ्या आमच्याच कोडमध्ये सीआरसी चुकीचा निघत होता, आणि तोच कोड यंत्रातही जाणार होता. माझ्याकडे तपासणीच बंद असल्यामुळे सगळं हिरवं दिसत होतं. चार महिने. तीन दिवस आम्ही ज्या लॅपटॉपला दुरुस्त करत होतो, तो एकटा खरं सांगत होता.

मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर. ती हसली, म्हणाली, "ताई, लिनक्स टाकायला शिकले ना मी." तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

सीमेकच्या ३.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, फ्रेश असा एक फ्लॅग आहे. तो दिला की जुनी कॅश टाकून देऊन कोऱ्या पाटीवर कॉन्फिगर होतं. त्याआधी आम्ही फोल्डरच उडवायचो. कमांड लाइनवर ऑप्शनचं नाव चुकलं तर सीमेक शेवटी एक सूचना देतं की तुम्ही दिलेलं हे चल प्रोजेक्टने वापरलेलं नाही. हजारो ओळींच्या लॉगमध्ये ती कुणी वाचत नाही, पण ती खूप मोलाची आहे. आमच्याकडे आता ती दिसली की बिल्ड लाल होतो. आणखी एक गोष्ट नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते: बिल्ड टाइप सांगितला नाही तर सीमेक बहुधा तो रिकामाच ठेवतं, म्हणजे डीबगची माहिती नाही आणि ऑप्टिमायझेशनही नाही. कितीतरी जणांनी असा बिल्ड मोजून "आपला प्रोग्रॅम फार हळू आहे" असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे.

रिकामं आणि "नाही" यांतला फरक सर्वांत समजून कुणी जपला असेल तर तो लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, केकॉन्फिगने. रोमन झिपेल यांनी लिहिलेली ही पद्धत २००२ साली कर्नलमध्ये आली. कर्नलमध्ये हजारो ऑप्शन आहेत. नुसते हो-नाहीचे ३३ ऑप्शन घेतले तरी त्यांच्या जुळण्या ८,५८,९९,३४,५९२ होतात, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक देऊनही उरतील इतक्या. केकॉन्फिगमध्ये बऱ्याच ऑप्शनना तीन किंमती असतात: वाय म्हणजे कर्नलमध्येच पक्कं बसव, एम म्हणजे मॉड्यूल म्हणून वेगळं ठेव, लागेल तेव्हा चढव, आणि एन म्हणजे नको. उत्तरं डॉट कॉन्फिग या फाइलमध्ये जातात. आणि तिथे एक ओळ असते जिने मला या सिस्टीमच्या प्रेमात पाडलं. ज्या ऑप्शनला तुम्ही "नको" म्हटलं, त्याची ओळ फाइलमधून गळून पडत नाही. हॅश चिन्ह, ऑप्शनचं नाव, आणि पुढे "इज नॉट सेट", अशी ती उरते. दिसायला कॉमेंट, पण केकॉन्फिग ती वाचतं. "याला हे विचारून झालं आहे आणि याने नको म्हटलं आहे" एवढा तिचा अर्थ.

म्हणून नव्या आवृत्तीचं कर्नल आणून जुन्या कॉन्फिगवर ओल्डकॉन्फिग चालवलं की ते फक्त नवे प्रश्न विचारतं. ज्याला उत्तर दिलं आहे ते पुन्हा विचारून तुम्हाला छळत नाही, आणि जे कधी विचारलंच नव्हतं ते परस्पर ठरवूनही टाकत नाही. शिवाय प्रश्नचिन्ह दाबलं की त्या ऑप्शनची मदत उघडते. तिच्यात अनेकदा शेवटी लिहिलेलं असतं, खात्री नसेल तर एन म्हणा. ज्याने ते ड्रायव्हर लिहिलं त्याने कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी ठेवलेला तो सल्ला असतो. मी पहिल्यांदा कर्नल कॉन्फिगर केलं तेव्हा अर्ध्याहून जास्त उत्तरं मी त्या एका ओळीच्या भरवशावर दिली होती.

आमच्या गावाकडच्या जमिनीची कागदपत्रं बाबा काढायला बसायचे तेव्हा मी शेजारी असायची. सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात एक आकडा असायचा. बाबा बोट ठेवून म्हणायचे, "हे बघ, हा फेरफाराचा नंबर. नाव कुणाचं लागलंय ते इथे दिसतं, ते कसं लागलं ते फेरफारात बघायचं." तो नंबर धरून गाव नमुना ६ मध्ये गेलं की खरेदीखताने लागलं, वारसाने लागलं की बक्षीसपत्राने, ते नोंदवलेलं सापडायचं. योक्टो हा यंत्रांसाठी हवं तसं लिनक्स बांधायचा प्रकल्प, त्याच्या बिटबेक या टूलमध्ये मायनस ई देऊन एखादं चल पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला बाबांचं ते बोट आठवलं. कारण बिटबेक नुसती शेवटची किंमत दाखवत नाही. त्या चलाला कुठल्या फाइलने, कितव्या ओळीवर, आधी काय किंमत दिली, मग कुणी त्यात भर घातली, कुणी शेवटी बदलली, सगळा इतिहास क्रमाने छापतं. योक्टोने बांधलेल्या एका लिनक्समध्ये कितीतरी थर एकमेकांवर चढलेले असतात, प्रत्येकाला आपलं म्हणणं वरचढ ठेवायचं असतं. तिथे हा फेरफार नसता तर काम करणं अशक्य होतं. प्रत्येक बिल्ड सिस्टीममध्ये तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे, आणि जिथे नाही तिथे तो आपण हाताने लिहावा.

आम्ही तसं केलं. आमचा प्रोजेक्ट आता कॉन्फिगर होताना शेवटी एक तक्ता छापतो: ऑप्शन, आजची किंमत, डिफॉल्ट काय आहे, आणि दोन्ही वेगळे असतील तर शेजारी एक खूण. हा तक्ता तिनेच लिहिला. तो लिहिताना तिने त्या सीआरसीच्या ऑप्शनची मदतीची ओळही बदलली. आधी तिथे "सीआरसी तपासा" एवढंच होतं. तिने लिहिलं की मीटरकडून आलेल्या प्रत्येक पॅकेटची सीआरसी तपासतो, बंद केल्यास बिघडलेले आकडेही बरोबर समजून पुढे जातील, बंद फक्त जुन्या मीटरच्या चाचणीपुरता करावा.

रिव्ह्यूला माझ्याकडे आलं. मी खाली एकच सूचना टाकली, की हे डिफॉल्ट बंदवरून चालू कधी झालं ती तारीखही असू दे. पाच मिनिटांत ती माझ्या जागेपाशी आली आणि स्क्रीन थोडी खाली सरकवत म्हणाली, "ताई, लिहिलीय ना. ही बघ."